शिशाचा हिशेब

माझ्या डाइव्हिंगच्या वहीत समुद्रातल्या पहिल्या डाइव्हची नोंद आहे. तारीख, जागा, खोली, पाण्याचं तापमान, आणि 'बेल्ट' या शब्दापुढे ८ किलो. सात वर्षांनंतरच्या एका पानावर त्याच शब्दापुढे ४ किलो लिहिलेलं आहे. दोन्ही डाइव्ह मालवणच्या, दोन्ही वेळेला सूट ३ मिलिमीटर जाडीचा, सिलिंडर त्याच जातीचा, अ‍ॅल्युमिनियमचा. मधल्या काळात माझं वजन काही घटलं नाही, उलट तीन किलोंनी वाढलं. मग माझ्या कमरेवरचं चार किलो शिसं गेलं कुठे?

वही चाळायला निमित्त झालं भाचीचं. तिचा स्कूबाचा कोर्स पुढच्या महिन्यात सुरू व्हायचा होता आणि तिने फोनवर विचारलं, "आत्या, मला किती वजन लागेल गं?" चार-पाच, असं म्हणून मी मोकळी होणार होते. पण ओठांवर आलेला आकडा परत गिळला. कारण मला पहिल्यांदा 'आठ' सांगणाऱ्याने तो असाच सांगितला होता.

ज्यांनी कधी डाइव्ह केलेलं नाही त्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. पाण्यात बुडायची माणसाला भीती, आणि इथे लोक बुडता यावं म्हणून कमरेला शिसं बांधतात. पण वेटसूटच्या रबरात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडलेले असतात, त्यामुळे तो अंगावर चढला की माणूस बुचासारखा तरंगतो. तो तरंग मोडायला शिसं. एक-एक, दोन-दोन किलोचे ठोकळे नायलॉनच्या पट्ट्यात ओवायचे आणि पट्टा कमरेला बांधायचा. हे इतकं साधं आहे की त्याकडे कोणी नीट बघत नाही. बोटीवर सगळी चर्चा मास्कची, कॅमेऱ्याची, आज कासव दिसेल का याची. बेल्ट कोणीतरी हातात देतो आणि आपण तो बांधतो.

१९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीनुसार हवा देणारं यंत्र तयार केलं, आणि माणूस बोटीला नळीने न बांधता पाण्याखाली हिंडू लागला. त्या पहिल्या पाणबुड्यांकडे हवा भरायचं जॅकेट नव्हतं. शिसं आणि श्वास, एवढ्यावरच त्यांना अधांतरी राहावं लागे. वजन चुकलं तर ते तिथल्या तिथे कळायचं. बीसीडी, म्हणजे हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, नंतर आलं. ते आल्याने डाइव्हिंग खूप सोपं आणि सुरक्षित झालं, यात शंकाच नाही. पण त्याबरोबर एक सोयही आली, चूक झाकायची. शिसं जास्त झालं? भर थोडी हवा. आणखी जड वाटतंय? आणखी भर.

मी वर्षभर तेच करत होते. चार किलो जास्तीचं शिसं पेलायला बीसीडीत चार लिटर जास्तीची हवा लागते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. म्हणजे मी दहावरून पाचवर आले की त्या चार लिटरचे आपोआप सव्वापाच लिटर व्हायचे आणि सव्वा किलोचा जोर मला न विचारता वर ओढू लागायचा. मग घाईने हवा सोडायची. ती जास्त सुटली की खाली धस्स. पुन्हा भरायची. त्या काळातल्या माझ्या नोंदी अशाच आहेत: 'वर-खाली फार झालं', 'हवा लवकर संपली', 'दमले'. दमायला झालं ते समुद्रामुळे, असं मी समजत होते. खरं तर एक भलामोठा फुगा आणि एक भलंमोठं ओझं यांची रस्सीखेच मी पाऊण तास अंगावर वागवत होते.

बरं, ते आठ किलो मला दिले ते उगीच दिले असंही नाही. चार किलोवर मी खरोखर बुडत नव्हते. सहावरही नाही. इथे त्या हरवलेल्या चार किलोंचा पत्ता लागतो.

घाबरलेला माणूस श्वास सोडत नाही. तो घेतो, थोडासा सोडतो आणि पुन्हा घेतो. पूर्ण भरलेली छाती आणि पूर्ण रिकामी केलेली छाती यांत तीन-चार लिटरचा फरक असतो, आणि पाण्यात एक लिटर म्हणजे एक किलोचा तरंग. मी छाती निम्मीशिम्मी भरलेलीच ठेवून श्वास घेत होते, त्याचे दोनेक किलो झाले. त्यात उभ्याने नकळत पाय मारत होते, हात हलवत होते, तो जोर वेगळा. बीसीडीतली हवा काढताना नळी पुरेशी उंच धरत नव्हते, त्यामुळे खांद्यापाशी थोडी हवा राहून जायची, तीही त्यात धरा. म्हणजे मला दिलेलं जास्तीचं शिसं माझ्या सूटसाठी नव्हतंच, ते माझ्या भीतीला बुडवायला दिलेलं होतं. पाण्याखाली गेल्यावर पाच-दहा मिनिटांत भीती ओसरायची, श्वास लांब व्हायचा, पाय शांत व्हायचे, आणि शिसं मात्र कमरेला तसंच असायचं.

हे कळल्यापासून मी नवशिक्यांच्या बेल्टकडे फार मायेने बघते.

कळलं कसं, तेही सांगते. तारकर्लीला एक दादा आहेत, वडिलांच्या वेळेपासून घरची होडी, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीला, लहानपणापासून जाणारे, पुढे स्कूबाचं रीतसर शिक्षण घेऊन डाइव्हमास्टर झालेले. रापणीच्या जाळ्याची वरची दोरी तरंगत ठेवायची आणि खालची तळाला टेकवायची, हे ज्याने हाताने केलं आहे त्याला तरंग आणि वजन यांचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. माझ्या वीस-बावीस डाइव्ह झाल्या असतील तेव्हा. मी सवयीने म्हटलं, "दादा, मला सात द्या." त्यांनी दिले. मग बोटीच्या कडेला पाण्यात उतरल्यावर म्हणाले, आधी जॅकेट रिकामं करा. पाय एकावर एक ठेवा, हलवू नका. साधा श्वास घ्या आणि धरा. मी केलं, आणि दगडासारखी खाली गेले. ते हात धरून वर घेऊन आले. एक ठोकळा काढला. पुन्हा तेच. आणखी एक काढला. मी जरा वैतागून विचारलं, "तुम्हीच सांगा ना, मला किती लागतं ते." तेव्हा ते म्हणाले, "ताई, माका नको, पाण्याक इचारा."

पाण्याला विचारायची रीत अशी. बीसीडी पूर्ण रिकामं, श्वास नेहमीसारखा घेऊन धरलेला, हातपाय स्वस्थ, अशा वेळी पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीवर यायला हवी. मास्कची काच अर्धी पाण्यात, अर्धी हवेत. वरच्या अर्ध्या काचेत बोटीचा रंग उडालेला काठ दिसतो, खालच्या अर्ध्या काचेत हिरवट पाणी आणि आपल्याच पायांतले फिन्स. मग श्वास सोडायचा, सगळा. माणूस हळूहळू, जिना उतरावा तसा खाली जायला लागतो. तेवढंच वजन बरोबर. डोळे वर राहिले तर कमी, श्वास धरलेला असूनही डोकं बुडालं तर जास्त.

यात एक खाच आहे, आणि ती बरेच जण विसरतात. हवेला वजन असतं. आपल्याकडे सगळीकडे मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरची आतली जागा साधारण ११ लिटर. त्यात २०० बारने, म्हणजे पृष्ठभागावरच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाने, हवा भरली की ती दोन हजार दोनशे लिटर होते, आणि लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरलं तरी अडीच किलोच्या वर जाते. डाइव्ह संपताना ५० बार उरतात, तेव्हा त्यातले दोन किलो आपण श्वासातून समुद्रात सोडून दिलेले असतात. सिलिंडर सुरुवातीला पाण्यात किंचित बुडणारा असतो, शेवटी तो चक्क तरंगायला बघतो. म्हणून भरलेल्या सिलिंडरने डोळ्यांच्या रेघेवर आलेला आकडा हा डाइव्हच्या सुरुवातीचा आकडा झाला. शेवटाचा विचार करून त्यात दोन किलो घालावे लागतात. किंवा याहून चांगलं म्हणजे डाइव्ह संपल्यावर, ५० बार उरलेले असताना पाण्याला विचारायचं. दादांनी त्या दिवशी दोन्ही वेळा विचारायला लावलं. बोटीत आल्यावर मी ओल्या हातांनी वहीत लिहिलं: ५ किलो. चारवर मी पुढच्या दोन वर्षांत आले.

ती डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर होती. या किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पायात शिसं ओतलं आहे, हे मालवणात लहान पोरंसुद्धा सांगतात. लाटांच्या माऱ्यात दगड जागचा हलू नये म्हणून शिसं. तटाच्या सावलीत, सात-आठ मीटरवर, कमरेला पाच किलो बांधून मी पहिल्यांदा खरी अधांतरी राहिले. ना वर, ना खाली. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. समोर खडकाच्या कपारीत एक छोटा मासा तोंड उघडझाप करत होता, आणि आमच्या दोघांचा ताल काही वेळ जुळला होता. जॅकेटचं बटण त्या वीस मिनिटांत मी दोनदाच दाबलं असेल.

आता असं वाटेल की एकदा आकडा सापडला की झालं. माझाही तोच समज झाला, आणि त्याची किंमत नेत्राणीला मोजली.

कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर समुद्रात नेत्राणी बेट आहे, बोटीने दीड तासाच्या आसपास. पाणी मालवणहून बरंच स्वच्छ, खोलीही जास्त. मला थंडी लवकर वाजते म्हणून मी त्या मोसमात नवा ५ मिलिमीटरचा सूट घेतला होता. बेल्ट मात्र जुनाच, चार किलोचा. वहीत चार लिहिलंय ना, मग चार. उतरताना जरा जोर लावावा लागला. तिथेच थांबायला हवं होतं. पण खाली सोळा मीटरवर सगळं झकास वाटलं, कारण खोलीत रबरातले बुडबुडे दाबले जातात आणि सूटचा तरंग मरतो. चाळीस मिनिटांनी आम्ही वर यायला लागलो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. धाकटा भाऊ माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, होता. त्याने तळहात आडवा करून 'थांब' अशी खूण केली. मी थांबायला गेले आणि थांबता येईना.

सूट पुन्हा फुगला होता, सिलिंडर दोन किलोंनी हलका झाला होता, आणि बीसीडीत काढायला हवाच शिल्लक नव्हती. मी पूर्ण श्वास सोडला, डोकं खाली करून पाय मारले, पुन्हा श्वास सोडला. चार मीटर. तीन. भाऊ खालून वर बघत होता, त्याचा चेहरा मास्कमागे लहान होत गेला. अशा वेळी एकच गोष्ट हातात असते, श्वास धरायचा नाही. पाच मीटरवरून छाती भरून, तोंड मिटून वर आलं तर तेवढ्यानेही फुप्फुस फाटू शकतं. मी बुडबुडे सोडत सोडत वर आले, बोटीपासून चार हातांवर. इंजिन बंद होतं. ते चालू असतं तर, हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

भाऊ तीन मिनिटं एकटा थांबला आणि मग वर आला. मास्क काढून त्याने एवढंच विचारलं, "ताई, तू गेलीस कुठे?"

त्या दिवशी मला काही झालं नाही. पण त्यानंतर माझ्या वहीत नुसता आकडा कधी लिहिला गेला नाही. आकड्यापुढे सूट कुठला आणि किती जुना, सिलिंडर कुठला, पाणी गोडं की खारं, शेवटी किती बार उरले, आणि पाच मीटरवर काय झालं. नवा सूट जुन्यापेक्षा जास्त तरंगतो, कारण वापरून वापरून रबरातले बुडबुडे कायमचे चपटे होतात. पोलादी सिलिंडर रिकामा झाला तरी जडच राहतो, त्याचा हिशेब निराळा. पुण्यातल्या तलावात मी तीन किलोंवर बरोबर असेन तर समुद्रात तेच कपडे, तोच सिलिंडर घेऊन पाच लागतील. खारं पाणी गोड्याहून अडीच टक्के जड असतं, आणि मी माझ्या सगळ्या सामानासकट साधारण नव्वद लिटर पाणी बाजूला सारते, त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वादोन किलो. यांतलं एक बदललं की आकडा बदलतो. म्हणून निदान उरलेलं तरी बदलू द्यायचं नाही. तोच सूट, तेच बीसीडी, तेच ठोकळे, त्याच जागी. मी सामान भाड्याने घेणं जवळजवळ सोडून दिलं त्याचं कारण हौस नाही.

जागेवरून आठवलं. माझ्या लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी हमखास वीज जायची. आईची फोडणी काही त्यासाठी थांबत नसे. मिसळणाच्या डब्यात मोहरी मधल्या वाटीत, तिच्या उजव्या हाताला जिरं, मग हळद, मग हिंग. अंधारात तिचा हात डब्यावर जायचा आणि मोहरी तडतडायची. एकदा मी डबा घासून वाट्या परत लावताना मोहरी आणि मेथीची अदलाबदल केली. आई रागावली नाही, पण जेवताना म्हणाली, "माझा हात तिथे जातो गं." कडू भाजी सगळ्यांनी खाल्ली.

माझा हात अंदमानात चुकला. माझा सेट दुरुस्तीला होता म्हणून तिथे भाड्याने घेतला. बोटीवरच्या मुलाने तो जोडून ठेवला होता, घाई होती, मी तसाच पाठीवर चढवला. अठरा मीटरवर भावाचा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून हवा घ्यायचं यंत्र, बिघडला आणि त्यातून हवा धो-धो वाहायला लागली. एवढ्या खोलीवर असा सिलिंडर रिकामा व्हायला फार मिनिटं लागत नाहीत. तो माझ्याकडे आला, गळ्यापाशी हात फिरवून खूण केली. माझा हात उजव्या बरगडीपाशी गेला, जिथे माझा ऑक्टोपस असतो, दुसऱ्याला द्यायचा पिवळा रेग्युलेटर. तिथे काही नव्हतं. हात पुन्हा तिथेच गेला. मेंदूला कळलं होतं की तिथे नाही, पण हाताला दुसरी जागाच माहीत नव्हती. शेवटी भावालाच तो डाव्या खिशात खुपसलेला दिसला आणि त्याने ओढून घेतला. तीन-चार सेकंद गेले असतील. आम्ही एकमेकांचा दंड धरून, सावकाश, नीट वर आलो. पाच मीटरवर थांबलोसुद्धा. पण त्याने पहिल्यांदा मान हलवून माझ्या डाव्या खिशाकडे बोट दाखवलं तेव्हाचे त्याचे डोळे मला अजून दिसतात.

दोष मी त्या मुलाला देत नाही. त्याच्यासमोर त्या सकाळी बारा सेट होते. माझ्या अंगावर एकच होता, आणि तो मी बघितला नाही.

तेव्हापासून सेट मी स्वतः जोडते, आणि जोडताना कोणाशी बोलत नाही. मध्येच कोणी काही विचारलं तर उत्तर देते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सिलिंडरचा पट्टा आधी पाण्यात भिजवून घेते, कारण कोरडा आवळलेला पट्टा समुद्रात भिजला की सैल पडतो आणि सिलिंडर पाठीवरून घसरतो. आवळून झाला की बीसीडीच्या मुठीला धरून सगळं उचलून दोन हिसके देते. सिलिंडरचा नॉब पूर्ण उघडते. मग रेग्युलेटर तोंडात धरून चार मोठे श्वास घेते आणि श्वास घेताना सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघते. काटा स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला तो खाली लवत असेल तर नॉब अर्धवट उघडा आहे. बोटीवर अशा अर्धवट नॉबमधून छान श्वास घेता येतो, वीस मीटरवर येत नाही. ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्यांच्या टोकांमधल्या त्रिकोणात, उजवीकडे, एका हिसक्यात सुटेल असा. गेज डावीकडे अडकवलेला, म्हणजे तो प्रवाळावरून फरफटत जात नाही.

बेल्ट ओवतानाही एक बारीक गोष्ट आहे. ठोकळ्याच्या एका फटीतून पट्टा आत घ्यायचा, मधल्या जागी त्याला एक पीळ द्यायचा आणि मग दुसऱ्या फटीतून बाहेर काढायचा. पीळ दिला की ठोकळा पट्ट्यावरून सरकत नाही. सरकला तर सगळं शिसं एका कुशीवर गोळा होतं आणि माणूस नादुरुस्त तराजूसारखा कलतो. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, अशी माझी चार. पुढे कळलं की माझे पाय खाली लोंबतात आणि फिन्स तळाची वाळू उडवतात. मालवणच्या पाण्याला १९८७ पासून सागरी अभयारण्याचं संरक्षण आहे, आणि त्या अभयारण्यातलं प्रवाळ माझ्या फिनखाली मोडू शकतं, हे मला सहन होणारं नव्हतं. म्हणून कमरेवरचा एक किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला लावला. शिसं तेवढंच राहिलं, फक्त हातभर वर गेलं. आता मी आडवी तरंगते, पाठीवर सिलिंडर आणि पोटाखाली वाळूचे लाटाळ पट्टे.

आणि बकल. बेल्ट सगळ्यात वर हवा, त्याच्यावरून दुसरा कुठलाही पट्टा जाता कामा नये, आणि बकल उजव्या हाताने एका झटक्यात सुटायला हवं. संकटात पृष्ठभागावर आलेल्या माणसाने पहिल्यांदा शिसं टाकून द्यावं, हे प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. तरीही डाइव्हिंगमध्ये जीव गेलेल्या लोकांच्या अपघातांचे अहवाल वाचले की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: शिसं अंगावरच होतं. काहींना ते टाकायचं सुचलं नाही. काहींचा बेल्ट बीसीडीच्या पट्ट्याखाली अडकला होता. हजार-दोन हजार रुपयांचं शिसं, ते गेलं तर गेलं. प्रत्येक डाइव्हच्या आधी मी भावाच्या बकलवर हात ठेवते आणि तो माझ्या. आम्ही बकल बघतो, आणि बोटांना ते कुठे आहे तेही कळू देतो.

मालवणला मोसमात जे हजारो पर्यटक पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली जाऊन येतात त्यांच्यासाठी हे सगळं नाही. त्यांचा हात दुसऱ्या कोणाच्या हातात असतो, आणि तो दुसरा कोणी त्यांचा हिशेब ठेवतो. पण ज्यांच्याकडे कोर्स केल्याचं कार्ड आहे, जे स्वतःच्या जबाबदारीवर उतरतात, तेही बोटीवर पोचले की ओळीत बसतात आणि जो बेल्ट मिळेल तो बांधतात, "किती आहे रे यात?" एवढंही विचारत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. मला आठ किलो देणाऱ्यालाही मी तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर माझं ते पहिलं वर्ष वेगळं गेलं असतं.

भाचीचा कोर्स झाला. डिसेंबरात ती, तिचा बाबा आणि मी तारकर्लीला गेलो. सकाळचं पाणी निवांत होतं, वाराही पडलेला. बोट नांगरल्यावर तिने बेल्ट ओवला, ठोकळ्याला पीळ दिला, सहा किलो घेतले. कोर्सच्या वहीत सहाच होते. मी काही बोलले नाही. पाण्यात उतरून तिने बीसीडी रिकामं केलं आणि मी तिच्या समोर पाण्यात राहिले. तिने श्वास घेऊन धरला. डोकं थेट खाली गेलं. माझ्या हाताला धरून ती वर आली, नाकातलं पाणी शिंकरलं.

"जास्त आहे," ती म्हणाली.

"बहुतेक."

एक किलो काढला. पुन्हा पाय एकावर एक, श्वास. या वेळी रेघ बरोबर मास्कच्या मधोमध थांबली आणि तिचे केस पाण्यावर पसरले. काचेच्या वरच्या अर्ध्या भागातून ती माझ्याकडे बघत होती, खूप एकाग्र, परीक्षेचा पेपर बघावा तशी. मग तिने श्वास सोडला. रेघ भुवयांवर, कपाळावर, आणि ती सावकाश खाली गेली. सिलिंडर तेव्हा भरलेला होता, म्हणून परत वर आल्यावर तिने स्वतःच दोन किलो मागितले, एकेक दोन्ही कुशींना. बोटीवरून ते देताना भाऊ म्हणाला, "अगं, मग मगाशी काढलास कशाला?"

"बाबा, तेव्हा मला माहीत नव्हतं ना किती आहे ते. आता आहे."

शेवटी पाच मीटरवर तिघं तीन मिनिटं थांबलो. तिच्या गेजवर ५५ बार होते. ती हात छातीशी दुमडून राहिली होती, बीसीडीचं बटण न दाबता, आणि मी तिचे बुडबुडे मोजत होते. बोटीत आल्यावर तिने टॉवेलसुद्धा घेतला नाही, आधी वही काढली. तारकर्ली, खारं पाणी, ३ मिमी सूट, नवा, अ‍ॅल्युमिनियम, ७ किलो. पेन्सिलीचं टोक ओल्या कागदात रुतलं आणि सातचा आकडा जरा फाटला, म्हणून तो तिने बाजूला पुन्हा एकदा लिहिला.